पंपघराच्या भिंतीकडे तोंड करून

अक्का, तुम्ही गेलात हे शामण्णांनी दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यातही तुमची काहीतरी चाल असणार. हे लिहायला बरं दिसत नाही. पण तुम्हाला लिहायचं आणि वर गोडगोड लिहायचं, हे आपल्या दोघींनाही शोभणार नाही. इतकी वर्षं मी तुमच्यावर संशय घेतला आणि तुम्ही तो मजेत घेऊ दिलात. आता एकाएकी डोळ्यांना पदर लावून 'अक्का म्हणजे देवमाणूस' असं म्हणायला लागले, तर तुम्ही जिथे असाल तिथे पोट धरून हसाल.

दहाव्याच्या दिवशी सगळे तसंच म्हणत होते. अक्कांनी ओसाड जागेवर मळा फुलवला, अक्कांनी मराठी-कानडी घरं एकमेकांना जोडून दिली, अक्कांचा हात म्हणजे देवाचा हात. मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होते. त्यातलं बहुतेक खरंच होतं. पण तो देवाचा हात रविवारी भाजीच्या वाट्याच्या वेळी नक्की काय करत होता, हा माझा जुना प्रश्न, आणि तो विचारायची ती जागा नव्हती. मी चहा न घेताच घरी आले.

माझा स्वभाव संशयी, हे मी कधी लपवलं नाही. दूधवाल्याच्या मापात वाकून बघणारी, रेशनच्या दुकानात तराजूचा काटा थांबेपर्यंत पिशवी पुढे न करणारी मी. आमचे हे म्हणतात, हिला कारखान्याच्या फाटकावर झडती घ्यायला बसवलं पाहिजे. पुण्याहून इकडे कानडी मुलखात, राजाजीनगरात येऊन मला थोडेच दिवस झाले होते, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्या दारात आलात. हातात खुरपं, कासोटा खोचलेला, पायांना चिखल. ओळख ना पाळख.

"घरात बसून काय करूलालीस गं? चल की मळ्याला. हात लाव स्वल्प."

"कुणाचा मळा?" मी विचारलं.

"सगळ्यांचा की. तुझा पण."

सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, आणि राबायला मात्र आपण, असं मी मनाशी म्हटलं. तरी आले. का आले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. हे कारखान्यात गेले की संध्याकाळपर्यंत माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी नसायचं, तुमची ती निपाणीकडची मराठी का होईना पण मराठी होती, हे एक कारण असेल.

पाण्याच्या टाकीमागची ती जागा बागेसाठी राखलेली होती आणि बाग काही होत नव्हती. धान्याची टंचाई सुरू झाली, मोकळी जागा दिसेल तिथे भाजी लावा असं जो तो सांगायला लागला, तेव्हा तुम्ही पालिकेच्या ऑफिसात ठाण मांडून परवानगी आणलीत. नियमही तुमचेच. रविवारी सकाळी जो घाम गाळेल त्याला वाटा, न येणाऱ्याला नाही, मग तो साहेब का असेना. गवळ्याच्या गोठ्यातून शेणाच्या पाट्या डोक्यावरून आणायच्या. चामराजपेटेच्या बाजाराकडे जो कुणी जाणार असेल त्याने येताना बी आणायचं. पाणी पाळीने घालायचं. कोबीवरच्या अळ्या हातांनी वेचायच्या, आणि जी 'शी' म्हणेल तिने पुढची ओळही वेचायची. या शेवटच्या नियमापायी पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ सगळा कोबी मीच वेचला. तुम्ही बांधावर उभ्या राहून, मी 'शी' म्हणते का याच्याकडे कान लावून असायचात, असा तेव्हाही मला संशय होता.

एकदा मुळे नाहीसे व्हायला लागले. वर पाला जागच्या जागी आणि खाली मुळा गायब. मी म्हटलं, हे माणसाचं काम आहे, इतकी सफाई जनावराला जमायची नाही. मी चार घरांची नावंही घेतली. तुम्ही म्हणालात, घूस आहे. तिघी-चौघींनी मिळून बीळ खणलं, तर आत आपले मुळे, वर कुणाच्या तरी घरातला साबण आणि पुढ्यात मांजराएवढी घूस. तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "हिची पण झडती घे बाई." सगळा मळा हसला. मीही हसले, पण मनातून म्हटलं, घूस होती म्हणून माणसं साव ठरत नाहीत.

आता वाट्याचं सांगते. ही पद्धत तुम्ही तुमच्या गावाकडून आणलीत. काढलेल्या भाजीचे टाकीच्या पंपघरासमोर एका ओळीत ढीग मांडायचे, आलेली जितकी घरं तितके ढीग. ढीग कधी सारखे होत नाहीत. एकात कोवळी भेंडी जाते, एकात निबर. एकात टपोरा नवलकोल, एकात किडकी वांगी. म्हणून एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने एकेका ढिगाशी जाऊन 'हा कुणाचा?' असं विचारायचं, आणि पाठमोऱ्याने एक नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघेल त्याने तो ढीग निमूट उचलायचा. पाठमोऱ्याने स्वतःचं नाव घ्यायचं नाही, शेवटी उरेल तो त्याचा. त्याला ढीग दिसत नसतात, म्हणून कुणी कुणावर रुसायचं कारण नाही.

पंपघराच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या त्या नेहमी तुम्ही. ढिगाशी जायचे ते शामण्णा, गिरणीतून निवृत्त झालेले, तुमच्या शेजारचे, हातात काठी. आम्ही बाकीचे दोन्ही बाजूंना पाट्या घेऊन उभे. "इदु यारिगे?" ते विचारायचे, हा कुणाला? आणि तुम्ही क्षणभर थांबून नाव घ्यायचात.

पहिले काही महिने मी नशिबाला बोल लावला. मग नशीब इतकं नेमानं वागायला लागलं, की मला वास आला. ओळीतला सगळ्यात रडका ढीग बहुतेक रविवारी माझ्या पाटीत. आणि सगळ्यात भरलेला जयम्माच्या.

जयम्मा मागच्या गल्लीतली. नवरा घर सोडून गेलेला, पदरात मुलं, दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवायची आणि रविवारी मळ्यात दोघींइतकं एकटी खणायची. पण ताठ. एकदा मी चांगल्या मनानं तिच्याकडे घेवड्याची पिशवी दिली, तर ती लगेच माझ्या दारात परत घेऊन आली. "बेडम्मा, नमगे इदे," म्हणाली. नको, आमच्याकडे आहे. पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि गेली. पुढचे दोन रविवार ती मळ्यातही आली नाही. मला तिचा राग आला. माझी पिशवी नको, पण वाट्यातला मोठा ढीग बरा चालतो! म्हणजे हिचं आणि अक्कांचं आतून काहीतरी आहे, असं मी ठरवून टाकलं.

मग मी तपासाला लागले. शामण्णा नेहमी नळाकडून सुरुवात करतात, म्हणून तुम्हाला ओळ पाठ असणार, असं वाटलं. मी म्हटलं, आज उलट्या बाजूनं करू. केलं. रडका ढीग माझा. मग म्हटलं, मधूनच कुठूनही करू. तेही तुम्ही हसत मान्य केलंत. रडका ढीग माझाच. शामण्णा खोकतात का, काठी आपटतात का, पायांचा आवाज करतात का, यावर मी कान ठेवून राहिले. काही नाही. घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, भाजी आहे ती, सोनं नाही." यांना काय कळणार? प्रश्न भाजीचा नव्हताच. तुमच्यासारखी बाई, जिच्यावर मला विश्वास टाकावासा वाटत होता, ती मला फसवते आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. परक्या गावात माझं म्हणून जे एक माणूस होतं, ते तुम्ही होतात.

म्हणून त्या रविवारी मी मोठा रुमाल घेऊन आले.

"अक्का, आज डोळ्यांवर पट्टी बांधू या."

"कशाला गं? आंधळी कोशिंबीर खेळायची काय?"

"नियम म्हणून."

"पाठ केलीय की मी. पाठीला डोळे असतात काय?"

"नसतात तर पट्टीला हरकत काय?"

तुम्ही माझ्या हातातल्या रुमालाकडे बघितलंत. "नको," एवढंच म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. शामण्णा माझ्यावर उखडले. "एनम्मा, अक्कन मेले अनुमाना?" अक्कांवर संशय? बाकीच्यांनीही माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी देवळात चपला घालून गेले होते. पण मी मात्र त्या क्षणी समजले. ज्याला लपवायचं नसतं तो पट्टी बांधून घेतो.

त्यानंतर मी यायचं बंद केलं. कुणी बोलावलंही नाही. तुम्हीच आलात एका शनिवारी, जणू काही झालंच नाही अशा, ओट्यावर बसून माझ्या शेंगा सोलू लागलात.

"येतीस न्हवं उद्या?"

"मी कशाला येऊ? किडकी वांगी न्यायला?"

"हां," तुम्ही म्हणालात, शेंगेवरची नजरही न काढता.

मला इतका राग आला, की हसू फुटलं. तुम्हीही हसलात. मी ती थट्टा समजले. दुसऱ्या दिवशी आले आणि किडकी वांगी घेऊन गेले. घरी चिरताना पुन्हा तुमच्या नावानं बोटं मोडली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. वर्षं अशी गेली, अक्का. त्याच वर्षांत मला बाळंतपणात तुम्ही दिलेला शेक आहे, माझ्या आईच्या निधनाची तार आली तेव्हा स्टेशनापर्यंत माझा हात धरून चाललेल्या तुम्ही आहात. तेव्हा मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं आणि तरीही, गाडी सुटताना, या बाईनं मला का फसवावं, हा विचार माझ्या डोक्यात होता. दोन्ही एकाच वेळी मनात राहू शकतं, हे मला तुमच्यामुळे कळलं.

शेवटच्या तापात मी तुम्हाला भेटायला आले ती विचारायचं ठरवूनच. तुम्ही ओळखलंत. तुमचा आवाज अगदी खोल गेला होता.

"विचार की गं," म्हणालात.

आणि मला धीर झाला नाही. 'नाही' म्हणालात तर माझा विश्वास बसणार नाही, आणि 'हो' म्हणालात तर मी काय करणार, हेच मला कळेना. मी म्हटलं, "काही नाही, पावट्याला मावा पडलाय." तुम्ही राख टाकायला सांगितलीत आणि डोळे मिटलेत. तेच आपलं शेवटचं बोलणं. त्याचं मला फार वाईट वाटतं.

काल रविवार होता. तुमच्यानंतर पहिल्यांदाच वाटा झाला. ढीग मांडून झाले आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले. भिंतीकडे तोंड करून कोण उभं राहणार? शामण्णा माझ्याकडे वळले. "नीवे निंत्कोळ्ळी," तुम्हीच उभ्या राहा, म्हणाले. "तुमच्यावर कुणी संशय घेणार नाही. संशय घेणाऱ्या तुम्हीच." सगळे हसले. मी ढिगांवरून एक नजर फिरवली आणि पाठ केली.

आणि अक्का, समोरच्या भिंतीवर शामण्णा चालत होते.

सकाळचं कोवळं ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. पांढऱ्या भिंतीवर माझी सावली, आणि तिच्या बाजूने शामण्णांची सावली, काठीसकट, या ढिगाकडून त्या ढिगाकडे. ती कुठे थांबली ते बघितलं की कुठला ढीग ते सांगायला डोळे मागे फिरवायची गरजच नव्हती. आम्ही सगळे आजवर ढिगांकडे बघत उभे राहिलो. भिंतीकडे कोण बघतंय?

मला ओरडायचं होतं. सापडलात! दर पाडव्याला पंपघराची भिंत तुम्ही स्वतः का चुन्यानं रंगवायचात, ते तेव्हा कळलं. तुमच्या घराचे पोपडे पडत होते, पण ही भिंत कधी मळली नाही. 'ऊन चढायच्या आत वाटा उरका, भाजी कोमेजते' म्हणून उशिरा येणाऱ्याला का झापायचात, ते कळलं. 'मधे उभं राहू नका गं, ढीग तुडवाल' म्हणून आम्हाला दोन्ही बाजूंना का हाकलायचात, तेही कळलं. आणि आठवलं, की आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं असलं की माझ्या पाटीत कधीकधी बरी भाजी यायची, आणि मी घरी येऊन म्हणायचे, आज अक्कांना लाज वाटलेली दिसते.

"इदु यारिगे?" मागून शामण्णांचा आवाज आला.

सावली तिसऱ्या ढिगावर उभी होती. त्यात टपोरे नवलकोल होते, पावट्याच्या भरलेल्या शेंगा होत्या. डाव्या हाताला जयम्मा रिकामी पाटी कमरेला लावून उभी होती, ते मी वळायच्या आधी बघितलं होतं. जिला दिलेली पिशवी चालत नाही आणि नशिबानं आलेला ढीग चालतो, अशी जयम्मा. तिला द्यायची दुसरी वाट कुठे होती? मी फिरून सगळ्यांना सांगितलं असतं तर माझं म्हणणं इतक्या वर्षांनी खरं ठरलं असतं. आणि जयम्मा पुन्हा मळ्यात आली नसती.

"जयम्मा," मी म्हटलं.

नावं पुढे जात राहिली. मग सावली शेवटून चौथ्या ढिगावर थांबली. तो ढीग म्हणजे नुसता कचरा होता, माव्यानं खाल्लेला पाला आणि दोन निबर दोडके. स्वतःचं नाव घ्यायची तर सोय नाही. तोपर्यंत नावं न निघालेल्या घरांचा मी भराभर विचार केला. एकीचा नवरा आजारी. एक जण इतकी मनाला लावून घेणारी, की वर्षभर तोंड दाखवणार नाही. आणि एक समोरच्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली कमल, नागपूरची, तोंडानं फटकळ, पण शेणाची पाटी उचलताना नाक न मुरडणारी.

"कमल," मी म्हटलं.

वाटा संपला, मी वळले. कमल ढिगाकडे बघत होती आणि मग माझ्याकडे.

"काकू, हे असं कसं हो?"

"असं म्हणजे?"

"काही नाही," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी मी तुमच्या शेजारी येऊन उभी राहणार आहे." पाला पाटीत कोंबून फणकाऱ्यानं निघून गेली.

शामण्णा काठी टेकत माझ्याजवळून गेले. "सरियागि हेळिदिरि," बरोबर सांगितलंत, एवढंच पुटपुटले. काय बरोबर? मी त्यांच्याकडे बघत राहिले, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ढिगाशी ते दर वेळी जरा जास्तच वेळ थांबत होते, आणि तेही भिंतीवर पूर्ण सावली पडेल असे ताठ. आता माझा त्यांच्यावरही संशय आहे.

दुपारभर मी माझ्याशीच भांडत होते. कमलचंच नाव का घेतलं मी? मला ती आवडत नाही म्हणून? ती नवीन, तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही म्हणून? थोडं तसंही असेल. पण खरं कारण मला ठाऊक आहे. तिला कचरा दिला तरी ती येणार. भांडायला येईल, मला पकडायला येईल, पण येईल आणि खणेल. बाकीच्यांबद्दल मला ती खात्री नव्हती. एवढी खात्री एखाद्या माणसाबद्दल वाटावी आणि तिची परतफेड म्हणून त्याच्या पाटीत किडका पाला पडावा, हा कसला न्याय, अक्का?

तुम्हाला माझ्याबद्दल अशीच खात्री होती का? की मी तुम्हाला मुळीच आवडत नव्हते? तुम्ही असतात तरी सांगितलं नसतंत, हसून शेंगा सोलत बसला असतात. तुम्ही मला फसवलंत, हे आता नक्की झालं. मला वाटलं होतं, नक्की झालं की राग येईल. राग नाही आला. नुसती तुमची आठवण आली, इतकी, की स्वयंपाक तसाच टाकून मी मागच्या दारी जाऊन बसले.

पुढच्या रविवारी मलाच उभं राहायचं आहे. आज सकाळपासून मी सारखी आभाळाकडे बघते आहे. हे हिवाळ्याचे दिवस, ढगाचा मागमूस नाही. त्या दिवशी तरी आभाळ भरून यावं, भिंतीवर काही दिसू नये, आणि माझ्या तोंडून जे नाव निघेल ते माझं मला ठाऊक नसावं, असं फार वाटतं.